ग्रेट ओशन रोड: चार दिवस, आपली आपण गाडी चालवत

ग्रेट ओशन रोड म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरचा, समुद्राच्या कडेने जाणारा रस्ता. मेलबर्नहून तिकडे जाणाऱ्या सहलीच्या बस सकाळी सातच्या सुमारास निघतात आणि त्याच रात्री परत आणून सोडतात. बारा-तेरा तासांतला निम्म्याहून अधिक वेळ खिडकीला नाक लावून जातो. समुद्रात उभ्या असलेल्या चुनखडीच्या खांबांपाशी, प्रसिद्ध ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’पाशी, बस पोचते ती भर दुपारी, शेजारी आणखी दहा बस उभ्या असताना. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांच्यासाठी हे ठीकच आहे. पण तीन रात्री काढता येत असतील आणि घरात गाडी चालवणारं एक जरी माणूस असेल, तर हा रस्ता स्वतः चालवत करावा, असं मी अगदी मनापासून सांगेन. आम्ही नवरा-बायकोने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो तसा केला. दोघंही पन्नाशीतले. पुण्यात रोज गाडी चालवतो, वर्षातून दोनदा रत्नागिरीला जातो, परदेशात मात्र कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. तयारी करताना सगळी माहिती तुकड्यातुकड्यांत मिळाली, म्हणून घडलं तसं क्रमाने लिहिते आहे. रक्कम जिथे डॉलरमध्ये आहे तिथे ती ऑस्ट्रेलियन डॉलरमधली समजावी. आम्हाला तो पंचावन्न-छप्पन्न रुपयांना पडला.

सुरुवात व्हिसापासून. भारतीयांना पर्यटनासाठी ‘सबक्लास ६००’ हा व्हिसा लागतो. अर्ज पूर्ण ऑनलाइन असतो, ऑस्ट्रेलिया सरकारच्या इमीअकाउंट या पोर्टलवर. पासपोर्ट कुठेही जमा करावा लागत नाही आणि व्हिसाचा शिक्काही बसत नाही. मंजुरीचं पत्र ईमेलने येतं. नवरा-बायको असलात तरी अर्ज दोन वेगवेगळे भरायचे आणि शुल्कही दोनदा. तेव्हा ते माणशी १९५ डॉलर होतं, म्हणजे अकरा हजार रुपयांच्या आसपास. हे शुल्क साधारण दर जुलैत वाढतं, त्यामुळे भरण्याआधी ताजा आकडा बघा.

आम्ही ९ सप्टेंबरला अर्ज केले. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, माझ्या ऑफिसचं रजा मंजूर झाल्याचं पत्र, नवऱ्याच्या व्यवसायाची नोंदणी, कुटुंबातल्या सगळ्यांची माहिती देणारा फॉर्म आणि सोबत मी लिहिलेलं एक पानभर पत्र: कुठे जाणार, कुठे राहणार, खर्च कोण करणार, परत का येणार. या पत्रावर वेळ घालवावा. आपलं सगळं आयुष्य अर्ज तपासणाऱ्याला कागदावरूनच कळणार असतं, त्यामुळे सुटंसुटं काही ठेवू नये. आमच्या खात्यात ऑगस्टमध्ये एक मोठी रक्कम जमा झाली होती, मुदत ठेव मोडल्याची. ती कुठून आली हे पत्रात दोन ओळींत लिहिलं आणि ठेवीची पावती जोडली. दोन दिवसांनी बोटांचे ठसे आणि फोटो देण्याचं पत्र पोर्टलवर आलं. व्हिसा केंद्राची वेळ घेऊन ते काम अर्ध्या तासात झालं. त्यानंतर वाट बघणं. मी रोज सकाळी चहाआधी ईमेल उघडायचे. १ ऑक्टोबरला नवऱ्याचा व्हिसा आला, माझा नाही. तो दिवस फार जड गेला. एकाच घरातले, एकाच वेळी केलेले अर्ज, मग माझ्याच कागदांत काय खटकलं असेल, हा विचार डोक्यातून जाईना. माझा ३ तारखेला आला. अर्ज सुटे असल्यामुळे असं मागेपुढे होतं, हे आधी माहीत असतं तर मी इतकी घाबरले नसते. तुम्हाला आता माहीत आहे.

व्हिसा हातात आल्यावर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. पाहुणा म्हणून व्हिक्टोरिया राज्यात गाडी चालवायला आपलं मूळ लायसन्स वैध असावं आणि ते इंग्रजीत असावं. महाराष्ट्राचं स्मार्टकार्ड लायसन्स इंग्रजीतच असतं. तरीही आम्ही परमिट काढलं, कारण भाड्याने गाडी देणाऱ्या काही कंपन्या ते मागतात आणि सहा हजार मैलांवर काउंटरपुढे वाद घालण्यात अर्थ नाही. सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, शुल्क एक हजार रुपये. लायसन्स, पासपोर्ट, व्हिसा आणि विमानाचं तिकीट जोडायचं. आमच्याकडून डॉक्टरचं प्रमाणपत्रही घेतलं. परमिट एक वर्ष चालतं. ७ ऑक्टोबरला अर्ज केला आणि दसऱ्यानंतरच्या आठवड्यात ती पुस्तिका मिळाली. एक लक्षात ठेवा: हे परमिट म्हणजे मूळ लायसन्सची जागा घेणारी वस्तू नव्हे. दोन्ही सोबत हवीत.

गाडी ठरवताना मी सगळ्यात जास्त वेळ विम्याची कलमं वाचण्यात घालवला, आणि तो वेळ सार्थकी लागला. भाड्यात मूळ विमा धरलेला असतो, पण अपघात झाला तर पहिले चार-पाच हजार डॉलर आपल्या खिशातून जातात. दिवसाला तीसेक डॉलर जास्त भरले की ती रक्कम बरीच खाली येते. आम्ही ते भरले. दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव करारात घालायला विसरू नये. नाव नसलेल्याने चालवली तर विमा गेला. क्रेडिट कार्ड मुख्य ड्रायव्हरच्या नावाचं लागतं, कारण डिपॉझिट त्यावरच अडकवून ठेवतात. आणि जनावराला धडकण्याबद्दल, विशेषतः अंधार पडल्यावर, करारात वेगळं कलम असतं. ते शोधून वाचा. गाडी ऑटोमॅटिक घ्या. नवीन रस्ता, नवीन नियम आणि शेजारी समुद्र असताना डावा पाय आणि डावा हात मोकळे असलेले बरे.

तारखा ठरवताना मेलबर्न कप या घोड्यांच्या शर्यतीची सुट्टी टाळली. ती नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी असते आणि त्या दिवसांत किनाऱ्यावरच्या खोल्यांचे दर चढतात. डिसेंबरच्या शेवटी तिथल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागते, मग तर जागाच मिळत नाही. दिवाळी उरकून नोव्हेंबरच्या मध्यावर निघणं म्हणूनच सोयीचं पडलं. दिवस मोठा असतो, उजेड रात्री सव्वाआठपर्यंत.

सिंगापूरमार्गे १६ नोव्हेंबरला मेलबर्नला उतरलो. विमानातच एक कार्ड भरायला देतात. त्यात खाद्यपदार्थ आहेत का असं विचारलेलं असतं, तिथे बेधडक ‘हो’ लिहावं. आम्ही चहा पावडर, कारखान्यात पॅक झालेलं मेतकूट, खाकरे आणि मसाल्याची बंद पाकिटं नेली होती. दुधाची मिठाई, घरचं लोणचं, बियाणं, ताजं फळ यांतलं काही नेलं नव्हतं. सगळी पाकिटं एकाच पिशवीत वर ठेवली, यादी दाखवली, अधिकारी बाईंनी दोन पाकिटं उलटून पाहिली आणि जायला सांगितलं. लपवलेलं सापडलं तर दंड जबर आहे. सांगितलेलं नेता आलं नाही तर फक्त ती वस्तू जाते.

मेलबर्नमध्ये दोन-तीन दिवस गाडी न घेता काढले. झोपेचं वेळापत्रक बसेपर्यंत स्टिअरिंग धरू नये हे एक कारण. दुसरं कारण शहराच्या मध्यभागातल्या ट्राम. तिथे काही चौकांत उजवीकडे वळायचं तर आधी अगदी डाव्या कडेला जाऊन थांबावं लागतं आणि आडव्या रस्त्याचा सिग्नल हिरवा झाला की वळण घ्यायचं. त्याला हुक टर्न म्हणतात. ट्राम थांबून माणसं रस्त्यात उतरत असतील तर मागच्या गाडीने थांबायलाच हवं. आम्ही फुटपाथवर उभे राहून हे बराच वेळ बघितलं आणि गाडी विमानतळावरून घ्यायचं ठरवलं ते किती बरं झालं असं दोघांनाही वाटलं. विमानतळावरून एम ८० या रिंगरोडने जीलाँगच्या महामार्गाला लागता येतं. शहर लागत नाही, टोलही नाही.

मंगळवारी, १९ तारखेला सकाळी नऊला गाडी ताब्यात घेतली. आधी चारी बाजूंनी, टपाच्या कडा आणि चाकांच्या रिमसकट व्हिडिओ काढला. काउंटरवरच्या माणसाने दिलेल्या चित्रात एक ओरखडा दाखवलेला नव्हता, तो लिहून सही करून घेतली. पार्किंगमध्येच दहा मिनिटं हळूहळू फिरलो. आरसे, वायपर, ब्रेक किती दाबला की किती लागतो, हे बघितलं. पहिला टप्पा नवऱ्याने चालवला आणि मी शेजारी बसून फक्त पाट्या वाचायच्या, असं ठरलं होतं.

रस्त्याची डावी बाजू आपल्यासारखीच, त्यामुळे अर्धी भीती तिथेच जाते. उरलेली अर्धी शिस्तीची. वेगमर्यादा म्हणजे तिथे खरोखर मर्यादा. वस्तीत पाटी नसेल तर ५०, शाळेपाशी ठरलेल्या वेळी ४०, मोकळ्या रस्त्यावर १००. कॅमेरे जागोजाग आहेत आणि दोन-चार किलोमीटर जास्त झाले तर काय बिघडतं, हा आपला हिशेब तिथे लागू नाही. आम्ही गाडीतला वेगाची मर्यादा लावून ठेवणारा बटणाचा पर्याय सतत वापरला. गोल चौकात आत असलेल्या गाडीचा हक्क पहिला. उजवीकडून येणाऱ्याला जाऊ द्यायचं आणि मगच आत शिरायचं. ‘स्टॉप’ लिहिलेलं असेल तर रस्ता रिकामा दिसला तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. फोन हातात धरणं तर सोडाच, मांडीवरही नको. तो टिपणारे वेगळे कॅमेरे आहेत. हॉर्न मला चार दिवसांत वाजवावा लागला नाही.

जीलाँग बाजूला टाकून साडेअकराला टॉर्कीला पोचलो. ग्रेट ओशन रोड इथून सुरू होतो आणि सुमारे २४३ किलोमीटरवर, वॉर्नंबूलच्या अलीकडे ॲलन्सफर्डला संपतो. टॉर्कीत सुपरमार्केट मोठं आहे. दूध, ब्रेड, भाजी, तांदूळ, दही सगळं इथेच भरून घ्या, पुढे दुकानं लहान आणि महाग. पेट्रोलही भरलं. स्वतः भरायचं, मग आत जाऊन पंपाचा नंबर सांगून पैसे द्यायचे. लिटरला दोन डॉलरच्या आत-बाहेर भाव होता. टाकी अर्धी झाली की भरायची हा नियम आम्ही चारही दिवस पाळला.

इथे या प्रवासातली माझ्या दृष्टीने सगळ्यात उपयोगी गोष्ट सांगते. हा रस्ता मेलबर्नकडून पश्चिमेकडे जात करावा, उलट नाही. पश्चिमेला जाताना समुद्र डाव्या हाताला येतो आणि आपली लेनही डावी, म्हणजे आपण सतत समुद्राच्या कडेच्या लेनमध्ये असतो. थांबण्याच्या जागा, निरीक्षणाचे कठडे बहुतेक त्याच बाजूला आहेत. समोरून येणारी वाहतूक ओलांडावी लागत नाही. नवख्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे.

बेल्स बीचवर सर्फिंग करणारी मुलं बघितली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून इथे दर ईस्टरला सर्फिंगची मोठी स्पर्धा होते. एअरीज इनलेटचं १८९१चं पांढरंशुभ्र दीपगृह बघितलं आणि दुपारी ईस्टर्न व्ह्यूपाशी लाकडी कमानीखाली येऊन थांबलो. या रस्त्याबद्दल मी वाचलं होतं ते सगळं नजाऱ्यांबद्दल. तो एक स्मारक आहे, हे कमानीजवळच्या मजुरांच्या पुतळ्यापाशी उभं राहिल्यावर मनात उतरलं. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कुदळ, फावडं, घोडागाडी आणि सुरुंग यांच्या जोरावर हा कडा फोडला. परत न आलेल्या आपल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ. कल्पनेमागे उभे राहिलेले हॉवर्ड हिचकॉक जीलाँगचे महापौर होते. १९३२च्या ऑगस्टमध्ये ते गेले आणि नोव्हेंबरमध्ये रस्ता खुला झाला. उद्घाटनाच्या मिरवणुकीत त्यांची मोटार राज्यपालांच्या गाडीमागून नेली होती.

नवऱ्याचं आजोळ सातारा जिल्ह्यातलं. तिकडच्या अपशिंगे मिलिटरी या गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या गावकऱ्यांचं स्मारक आहे, ते त्याने लहानपणी पाहिलेलं. तो कमानीखाली बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, “अगं, लढाईतून जिवंत परत आलेल्यांनी पुन्हा हातात सुरुंग घेतले.” पुढचे तीन दिवस प्रत्येक वळणावर कड्याचा कापलेला भाग दिसला की मला तेच आठवायचं. बसवाले इथे पाच-दहा मिनिटं देतात, फोटोपुरती. पाऊण तास तरी ठेवा.

पहिला मुक्काम लॉर्नला. स्वयंपाकघर असलेली छोटी केबिन, १८५ डॉलर. संध्याकाळी टेडीज लुकआउटवरून खाली रस्त्याचं वळण आणि नदीचं मुख दिसतं, तिथे जरूर जा. रात्री मुगाची खिचडी केली. बाहेर शाकाहारी जेवण मिळतं, पण ते बहुतेक चिप्स, पिझ्झा आणि सॅलडवर येऊन थांबतं आणि दोघांचे साठ डॉलर सहज जातात. शिवाय तिथली स्वयंपाकघरं रात्री आठ-साडेआठला बंद होतात.

२० तारखेला लॉर्न ते अपोलो बे. अंतर जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर, आम्हाला पाच तास लागले आणि ते पाचही तास मला परत हवे आहेत. हा संपूर्ण रस्त्यातला सर्वांत सुंदर आणि सर्वांत वळणांचा भाग. इथे मी चालवत होते. ज्यांनी गणपतीपुळ्याहून आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी गाठली आहे त्यांनी डोळ्यांसमोर तो चढ आणावा, आणि तो तासन् तास संपत नाही अशी कल्पना करावी. मर्यादा बहुतांश ८०ची, पण वळणांवर २५, ३५ अशा पिवळ्या पाट्या असतात. त्या मानायच्या. मागे स्थानिक लोकांच्या गाड्या साचतात आणि आपल्याला उगाच घाई वाटू लागते. सुरुवातीला माझे हात घामेजले होते. त्यासाठीच रस्त्याच्या डावीकडे मंद गाड्यांसाठी खास जागा केलेल्या आहेत. इंडिकेटर द्या, आत घ्या, चार गाड्या जाऊ द्या. दोन-तीनदा असं केल्यावर मला मोकळं वाटायला लागलं. रस्त्यावर ठिकठिकाणी बाण रंगवले आहेत आणि ‘ऑस्ट्रेलियात डावीकडून चालवा’ अशा पाट्या आहेत. उजवीकडून चालवणाऱ्या देशांतले पाहुणे चुकतात म्हणून.

वाय रिव्हर गावात डोंगरउतारावर नवीकोरी घरं दिसली. २०१५च्या नाताळच्या दिवशी वणव्यात इथली आणि शेजारच्या सेपरेशन क्रीकची मिळून शंभरावर घरं जळाली होती. उन्हाळ्यात जाणार असाल तर वणव्याच्या इशाऱ्यांसाठी व्हिकइमर्जन्सी हे सरकारी ॲप फोनवर ठेवा. केनेट रिव्हरला निलगिरीच्या झाडांवर कोआला झोपलेले दिसतात. मान वर करून, शांतपणे चालत शोधायचे. पक्ष्यांना दाणे घालू नयेत, लोक घालत असले तरी.

अपोलो बेहून पुढे रस्ता समुद्र सोडून ऑटवेच्या जंगलात शिरतो. २१ तारखेला सकाळी मेट्स रेस्टची लहानशी पायवाट केली. माणसाच्या दुप्पट उंचीचे नेचे, शेवाळलेले मर्टल बीच जातीचे वृक्ष आणि अंगावर येणारा गारवा. इथून पुढे मोबाइलची रेंज बराच वेळ जाते. नकाशा आधी उतरवून ठेवावा. टेल्स्ट्रा या तिथल्या मोबाइल कंपनीचं सिम असेल तर त्यातल्या त्यात बरं.

केप ऑटवेचं दीपगृह मुख्य रस्त्यापासून आत आहे आणि तिकीटही आहे, त्यामुळे अनेकजण टाळतात. मला ते बघणं आवश्यक वाटतं, कारण पुढे जे बघायचं असतं त्याचा अर्थ इथे लागतो. युरोपातून महिनोन् महिने प्रवास करून येणाऱ्या जहाजांना केप ऑटवे आणि किंग आयलंड यांच्यामधल्या सुमारे ९० किलोमीटरच्या फटीतून शिरावं लागायचं. १८४५ मध्ये किंग आयलंडवर कॅटाराकी जहाज फुटून चारशेच्या आसपास माणसं बुडाली, आणि १८४८ मध्ये हे दीपगृह उजळलं. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचं टिकून असलेलं हे सर्वांत जुनं दीपगृह. वर वारा असा होता की बोलणं ऐकू येत नव्हतं. नोव्हेंबर असला तरी वारा अडवणारं जाकीट हवंच.

दुपारी गिब्सन स्टेप्स. कड्यात कोरलेल्या ८६ पायऱ्या उतरून खाली वाळूत जाता येतं. लाटा मोठ्या असतील किंवा दरड पडली असेल तर ही वाट बंद ठेवतात. ती उघडी मिळाली तर सोडू नका. वरून ठेंगणे दिसणारे खांब खालून बघितल्यावर पंचेचाळीस मीटर म्हणजे किती हे कळतं.

ट्वेल्व्ह अपॉसल्स आम्ही मुद्दाम संध्याकाळी सातनंतर गाठलं. बस निघून गेल्या होत्या. गाडी लावायला आणि बघायला तेव्हा पैसे लागत नव्हते. रस्त्याखालच्या बोगद्यातून पलीकडे जायचं. हे खांब बारा कधीच नव्हते. नाव पर्यटनासाठी पडलं, त्याआधी त्यांना ‘डुकरीण आणि पिल्लं’ म्हणत. मऊ चुनखडीचा कडा लाटा खालून पोखरतात, आधी गुहा होते, गुहा आरपार गेली की कमान, कमान पडली की समुद्रात एकटा खांब उरतो, आणि एक दिवस तोही जातो. ३ जुलै २००५ला एक पन्नास मीटरचा खांब काही सेकंदांत कोसळला. आता आठ राहिलेत. सूर्य खाली गेला तसे ते पिवळ्याचे केशरी आणि मग काळे झाले. थंडीने दात वाजत होते तरी आम्ही दोघंही हललो नाही.

परतताना मात्र काळजी घ्यावी. तिथून पोर्ट कॅम्बेल बारा किलोमीटरवर आहे आणि संधिप्रकाशात कांगारू रस्त्यावर येतात. आम्ही चाळिशीच्या वेगाने आलो. एक वॉलबी, म्हणजे लहान कांगारू, कडेला उभा होता, नवऱ्याने सरळ रेषेत ब्रेक दाबून गाडी थांबवली, तो गेल्यावर पुढे निघालो. जनावर आलं की स्टिअरिंग वळवायचं नाही, एवढं त्याने पुण्यातूनच पाठ केलं होतं. हा अंधार टाळायचा असेल तर संध्याकाळी थेट पोर्ट कॅम्बेलला मुक्कामाला जा आणि खांब सकाळी उजाडल्यावर बघा. गर्दी तेव्हाही नसते.

२२ तारखेला सकाळी लॉक आर्ड गॉर्ज. १ जून १८७८ला लॉक आर्ड हे जहाज मेलबर्नच्या उंबरठ्यावर येऊन समोरच्या मटनबर्ड बेटावर आपटलं. ५४ जणांतले दोघं वाचले, टॉम पीअर्स आणि ईव्हा कारमायकल. टॉम आधी या घळीत वाहत आला, मग तिचा आवाज ऐकून परत पाण्यात उतरला आणि तिला ओढून आणलं. नंतर तो कडा चढून मदत शोधायला गेला. खाली वाळूवर उतरून त्या कड्याकडे बघा. तो कसा चढला असेल हे मला अजून कळत नाही. वर दफनभूमी आहे. ईव्हाचं जवळजवळ सगळं कुटुंब त्या जहाजावर होतं. मी तिथे थोडा वेळ बसले. बाजूलाच एक कमान २००९ मध्ये कोसळली. तिचे उरलेले दोन खांब टॉम आणि ईव्हा या नावांनी ओळखले जातात.

लंडन आर्चची गोष्टही अशीच. १५ जानेवारी १९९०ला कमानीचा जमिनीकडचा भाग पडला आणि पलीकडे उभे असलेले दोन पर्यटक अडकले. त्यांना हेलिकॉप्टरने काढलं. कठड्यापलीकडे जाऊन फोटो काढणारे लोक आजही दिसतात. कृपा करून जाऊ नका. पुढचा बे ऑफ आयलंड्स फारसं कोणी बघत नाही, कारण बहुतेक बस अपॉसल्सच्या आसपासूनच मागे वळतात. आम्हाला तिथे अर्धा तास दुसरं माणूस दिसलं नाही.

वॉर्नंबूलला फ्लॅगस्टाफ हिलच्या संग्रहालयात लॉक आर्डमधून वाहून आलेला चिनी मातीचा मोर बघितला. एवढी माणसं गेली आणि मोर जवळपास धडधाकट किनाऱ्याला लागला. जून ते सप्टेंबरमध्ये गेलात तर इथे लोगन्स बीचवरून देवमासे दिसतात. परतीचा रस्ता आतला, ए १ महामार्ग. कोलॅकवरून विमानतळापर्यंत थांबे धरून चार तास लागले. दोघांनी आलटून पालटून चालवली.

गाडी परत करताना टाकी भरून, पुन्हा व्हिडिओ काढून, काउंटरवरच्या माणसासमोर तपासून घेतली आणि तपासल्याची पावती मागितली. आता हिशेब. गाडी आणि जादा विमा ४४०, पेट्रोल १०५, तीन रात्रींचं राहणं ५९०, खाणं आणि तिकिटं २६५. एकूण १,४०० डॉलर, दोघांचे सत्त्याहत्तर हजार रुपयांच्या आसपास. विमान आणि व्हिसा वेगळे. केबिनऐवजी तंबूची जागा घेतली तर राहण्याचा खर्च निम्म्याहून कमी होतो.

कार्डावर अडकवलेलं डिपॉझिट लगेच सुटत नाही. आमचं ४ डिसेंबरला सुटलं, तेव्हा तेवढी मर्यादा मोकळी धरून पुढच्या खर्चाचं नियोजन करू नका. वेगाचा किंवा टोलचा दंड झाला असेल तर त्याची सूचना गाडी देणाऱ्या कंपनीमार्फत काही आठवड्यांनीही येऊ शकते, म्हणून करार, पावती आणि दोन्ही व्हिडिओ निदान सहा महिने जपून ठेवा. नवऱ्याचं आणि माझं मिळून एकही पत्र आलं नाही.